राक्षसभुवनची लढाई : गुण ५

दिवाळी आली की लोकांना फराळाची आठवण होते. आम्हां मास्तरमंडळींना आठवण होते ती सहामाहीच्या पेपरांच्या गठ्ठ्याची. घरात एकीकडे चकलीचा सोऱ्या फिरत असतो, मुले अंगणात आकाशकंदिलाच्या कामट्या तासत बसलेली असतात, आणि मी ओसरीवर चटई टाकून तांबड्या शाईने पेपर तपाशीत असतो. आत सोऱ्यातून एकासारखी एक चकली पडते, बाहेर माझ्या गठ्ठ्यातून एकासारखे एक उत्तर निघते. फरक एवढाच की चकल्या खमंग असतात.

माझा व्यवसाय दुहेरी आहे. दिवसा मास्तरकी करतो, रात्री कादंबऱ्या लिहितो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक, म्हणजे आजच्या भाषेत दहावी. त्यापुढे मी गेलो नाही. तेव्हा परीक्षांविषयी मी काही बोलू लागलो, तर 'कोल्ह्याला द्राक्षे आंबट' असे कोणी म्हणेल. म्हणोत बापडे. पण ज्याने परीक्षा दिली आहे, घेतली आहे आणि वर्षानुवर्षे तपासलीही आहे, त्याला त्याविषयी चार शब्द बोलण्याचा हक्क पोचतो, असे मला वाटते.

गेल्या वर्षीची गोष्ट. सातवीच्या इतिहासाच्या पेपरात मी प्रश्न घातला होता : 'राक्षसभुवनच्या लढाईची माहिती लिहा. (गुण ५)'. बहुतेक मुलांनी जे उत्तर लिहिले, ते शब्दाला शब्द एक होते. '१० ऑगस्ट १७६३ रोजी थोरले माधवराव पेशवे व निजाम यांच्यात गोदावरीच्या काठी राक्षसभुवन येथे लढाई झाली. तीत निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला.' उत्तर बिनचूक, पण मुलांचे नव्हे, बाजारातल्या मार्गदर्शकाचे. एकाने तर 'पहा पृष्ठ बेचाळीस' हेही इमानेइतबारे उतरवून काढले होते!

गंमत पाहा. हे राक्षसभुवन काही पानिपतासारखे दूरदेशी नाही. ते आमच्याच गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या दक्षिण काठावर आहे. शनीच्या दर्शनाला आमची अर्धी शाळा तेथे आईबापांच्या बोटाला धरून जाऊन आलेली असते. तरीही पुस्तकातले राक्षसभुवन आणि शनीचे राक्षसभुवन एकच, हे सांगितल्यावर वर्गात अर्धा मिनिट शांतता पसरली. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "गुरुजी, ते खरंखुरं गाव आहे?"

त्याच गठ्ठ्यात एक पेपर निराळा होता. नदीकाठच्या एका वाडीतल्या मुलाचा. अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. ऱ्हस्वदीर्घाशी उभे वैर. त्याने ना तारीख लिहिली होती, ना दिवाणाचे नाव. त्याने लिहिले होते ते असे : 'निजाम त्या काठाला होता. त्याची फौज ह्या काठाला राहिली. मधी पाणी आलं. आमचा आजा म्हणतो पाणी चढलं की थडीचा माणूस थडीलाच. म्हणून त्याला बघत बसावं लागलं.' बस्स. एवढेच.

मी उत्तरसूची पाहिली. तारखेला एक गुण, पक्षांना एक, स्थळाला एक, दिवाणाच्या नावाला एक, परिणामाला एक. मुलाने दोनपैकी एकच पक्ष लिहिला होता. गोदावरीचे नाव नव्हते, नुसते पाणी होते. मी त्याला पाचपैकी एक गुण दिला आणि पुढचा पेपर उचलला.

रात्री अंथरुणावर पडलो, तरी ते 'मधी पाणी आलं' डोक्यातून जाईना. कारण लढाईचे मर्म त्या पोरानेच लिहिले होते. १७६३ साली निजामअलीने पुणे लुटले आणि जाळले. पेशव्यांच्या फौजांनी उलट निजामाच्या मुलखात धुमाकूळ घातला. पावसाळा तोंडावर आला, तशी निजामाने औरंगाबादची वाट धरली. गोदावरी ओलांडून तो स्वतः काही फौजेसह उत्तर तीराला गेला. विठ्ठल सुंदर उरलेली फौज घेऊन दक्षिण तीरावर राहिला. नेमके तेव्हाच मराठ्यांनी गाठले. राघोबादादांच्या हत्तीला गराडा पडला होता. अवघ्या अठरा वर्षांच्या माधवरावाने धावून जाऊन चुलत्याला सोडविले. विठ्ठल सुंदर पडला. आणि पलीकडे उभा असलेल्या निजामाला आपल्या फौजेची दैना उघड्या डोळ्यांनी पाहण्यापलीकडे काही करता आले नाही. का? तर मधी पाणी आलं! पानिपतानंतर अडीच वर्षांत मराठ्यांची मान पुन्हा ताठ झाली, तीत माधवरावाच्या तलवारीइतकाच गोदामाईचाही वाटा होता. गठ्ठ्यातल्या बाकी कोणीही हे लिहिले नव्हते. त्यांना गुण मिळाले पाच. ज्याला कळले होते, त्याला मिळाला एक.

घोकंपट्टीला नावे ठेवण्यापूर्वी मी माझी कथा सांगतो. मॅट्रिकला मी भूमितीची प्रमेये झाडून पाठ केली होती. त्रिकोणाचे नाव पुस्तकात 'एबीसी' होते. परीक्षेत कोणा खट्याळ परीक्षकाने त्याचे 'पीक्यूआर' करून ठेवले. मी घाम पुसला, त्याची आकृती बाजूस सारली, आपला 'एबीसी' काढला आणि सबंध सिद्धता न अडखळता लिहून मोकळा झालो. पास झालो! तो त्रिकोण मला आजतागायत कळलेला नाही. परंतु त्या प्रमाणपत्रावर मी मास्तर झालो, ही गोष्ट नाकारून कसे चालेल?

तेव्हा प्रश्न असा की हा रोग आला कोठून? आमच्याकडे पाठांतर काही इंग्रजांनी आणले नाही. वेद हजारो वर्षे तोंडपाठ राहिले. एक अक्षर इकडचे तिकडे होऊ नये म्हणून पद, क्रम, जटा, घन असे पाठ रचले गेले; घनपाठी ब्राह्मण तेच शब्द पुढून मागून, उलटसुलट म्हणत असे. पेशवाईत श्रावणमासी पुण्यात दक्षिणा वाटली जाई, तेव्हा विद्वानांची परीक्षाही होई. पण त्या परीक्षेत एक विवेक होता. वैदिकाला पाठ म्हणावयास सांगत, शास्त्र्याला वादात उतरावे लागे. ज्याचे काम जतन करण्याचे त्याची स्मरणशक्ती पाहावी, ज्याचे काम विचार करण्याचे त्याची बुद्धी पाहावी, असा तो साधा हिशोब होता. दक्षिणेच्या त्याच पैशातून १८२१ साली पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली.

आणि पाठांतर म्हणजे केवळ पंडितांची मिरास, असेही नाही. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या तरी अभंग लोकांच्या मुखी राहिले, अशी कथा आपण सारे सांगतो. आमच्या आयाबायांनी जात्यावर शेकडो ओव्या पाठ ठेवल्या. खानदेशातील बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. १९५१ साली त्या वारल्या, आणि मुलाने टिपून ठेवलेली त्यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने निघाली, तेव्हा उभा महाराष्ट्र थक्क झाला. म्हणजे पाठांतर वैरी नव्हे. ज्या पाठांतराला जगण्याचा अर्थ चिकटलेला असतो ते धन. ज्याला नसतो ती घोकंपट्टी. दोन्ही दिसावयास सारखीच, गाभुळलेली चिंच आणि किडकी चिंच वरून दिसावी तशी.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. उत्तीर्ण झाले जेमतेम वीस-बावीस. त्यांत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. म्हणजे परीक्षेने पहिल्या फटक्याला रत्ने निवडली, हे मान्य केले पाहिजे. पण पुढे काय झाले? हेच रानडे उतारवयाकडे झुकले असता, तरुण पदवीधर अकाली का मरतात या चिंतेने त्यांना ग्रासले, आणि परीक्षांच्या ओझ्याकडे त्यांनी विद्यापीठाचे लक्ष वेधले. परीक्षेचा पहिला मानकरीच परीक्षेविरुद्ध साक्ष द्यावयास उभा राहिला! आणि मराठी कादंबरीला ज्यांनी खरी उभारी दिली ते हरिभाऊ आपटे? कॉलेजात गणित आडवे आले आणि ते पदवीवाचूनच राहिले. कादंबरी लिहिणारा हा मॅट्रिक मास्तर हरिभाऊंच्या त्या गणिताकडे मोठ्या आपुलकीने पाहतो, हे वाचक समजून घेतील.

तिकडे विलायतेत १८६२ साली एक अजब कायदा निघाला : शाळेला सरकारी पैसा मिळावयाचा तो मुलांच्या परीक्षेच्या निकालावर. मॅथ्यू आर्नल्ड हा कवी तेव्हा शाळातपासनीस होता. वाचनाच्या परीक्षेत पास झालेल्या पोराला वाचता येतेच असे नाही, हे त्याने सरकारला परोपरीने बजावले. ही निकालावर अनुदानाची रीत मुंबई इलाख्यातही आली. इन्स्पेक्टरसाहेबाची स्वारी येणार म्हणताच मास्तरांनी पोरांकडून धडे घटवून घ्यावयाचे, ही परंपरा तेव्हाची. पोटाचा प्रश्न निकालाला बांधला की मास्तर शिकवीत नाही, पाठ करून घेतो. यात मास्तर वाईट नसतो. दोरी वाईट ठिकाणी बांधलेली असते.

१८८२ साली हंटर आयोग बसला, तेव्हा जोतीराव फुल्यांनी त्यापुढे निवेदन दिले. त्यातील दोन गोष्टी मला एकत्र ठेवून पाहाव्याशा वाटतात. खेड्यातल्या मुलाला मोडी, बाळबोध, हिशेब यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान द्या, असे ते म्हणाले; म्हणजे विद्या त्याच्या बांधापर्यंत आणा. आणि दुसरे, घरी अभ्यास करून प्रवेशपरीक्षेला बसण्याची मुभा विद्यापीठाने दिली आहे, तीच वरच्या परीक्षांनाही द्या. पाहा, जोतीरावांना परीक्षा नको नव्हती. ज्याला कॉलेजचा उंबरठा चढता येत नाही, त्याला परीक्षेचे दार तरी उघडे राहावे, हे त्यांना हवे होते. परीक्षा बापाचे नाव, जात, वाडा विचारीत नाही. कागदावर काय आहे ते पाहते. हा तिचा गुण आम्ही टीकाकार फार लवकर विसरतो.

या दाराचे आणि त्याच्या तोकडेपणाचे मोठे उदाहरण डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचे. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. गुण साडेसातशेपैकी २८२. या आकड्यावरून कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या, राज्यघटना, औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय, यांतले काय कोणाला वाचता आले असते? ते वाचले कृष्णाजी अर्जुन केळुसकर नावाच्या एका मास्तरांनी. मुंबईच्या बागेत पुस्तकात डोके खुपसून बसणारे पोर त्यांनी हेरले होते; मॅट्रिकच्या सत्कारसभेत आपले बुद्धचरित्र त्यांनी त्याच्या हाती ठेवले. तरीही लक्षात ठेवा, कॉलेजचे दार उघडले ते त्या २८२ गुणांनीच. परीक्षेने दार उघडले, मास्तराने माणूस ओळखला. दोन्ही लागते.

आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. देशी भाषेतून उच्च शिक्षण ही कल्पना थोर, यात शंका नाही. परंतु ती देशी भाषा उर्दू, आणि आमच्या घरात बोलत मराठी. माझ्या आजोबांना उर्दूचा एक धडा अखेरपर्यंत अस्खलित येत असे. मी अर्थ विचारला की ते हसत आणि म्हणत, "अर्थ कुणी विचारला नव्हता." घोकंपट्टीची याहून नेमकी व्याख्या मी कोठे वाचलेली नाही. अंबाजोगाईसारख्या ठिकाणी स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी आपल्या शाळा चालवीत होते, ते मुलांना अर्थ विचारण्याची सवय लागावी म्हणूनही असेल. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झाले. १९५८ साली मराठवाड्याला आपले विद्यापीठ मिळाले. १९६६ पासून राज्याचे एकच परीक्षा मंडळ आले. भाषा आपली झाली. प्रश्न मात्र तेच राहिले.

अध्यापन हे परीक्षेचे बटीक झाले आहे, असे १९०२ च्या विद्यापीठ आयोगाने म्हटले. एकच सुधारणा सुचवा म्हटले तर परीक्षेची सुचवू, असे स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगाने म्हटले. मुदलियार आयोगाने १९५३ साली तेच सांगितले, कोठारी आयोगाने १९६६ साली तेच. २००९ च्या कायद्याने आठवीपर्यंत नापास करणेच बंद केले. दहा वर्षांनी कायदा बदलला, आणि महाराष्ट्रात पाचवी व आठवीच्या वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू झाल्या. २०२० चे नवे धोरणही घोकंपट्टीवर कोरडे ओढते. घोकंपट्टी वाईट आहे, हे वाक्यही एव्हाना आम्हांला तोंडपाठ झाले आहे!

मग घडत का नाही? कारण 'का' या प्रश्नाचे उत्तर तपासणे कठीण असते, 'केव्हा' याचे सोपे. लाखो पेपर, हजारो परीक्षक, आणि दोघांनी तपासले तरी गुण सारखेच पडले पाहिजेत. न्याय व्हावा म्हणून उत्तरसूची आली, आणि उत्तरसूची आली म्हणून घोकणे आले. ही विहीर आणि आड अशी कोंडी आहे. आमच्या शेजारच्या लातूरने ती आपल्या परीने फोडली. पुण्या-मुंबईच्या मुलांची मिरास असलेल्या गुणवत्ता यादीत लातूरची मुले झळकू लागली, तेव्हा 'लातूर पॅटर्न' हा शब्द घरोघर गेला : अभ्यासक्रम लवकर संपवा, जादा तास घ्या, सरावाच्या परीक्षांवर परीक्षा घ्या. कोणी त्याला घोकंपट्टीचा कारखाना म्हणतात. मी म्हणत नाही. ज्या मराठवाड्याला मागास म्हणून हिणविले जाई, त्याच्या पोरांनी डॉक्टर-इंजिनियर होऊन दाखविले, ते याच शिस्तीवर. पण सरावाने परीक्षा जिंकता येते हे सिद्ध झाले, म्हणजे परीक्षा नेमके काय मोजते हा प्रश्न सुटला असे नव्हे. उलट तो अधिकच टोकदार झाला.

मी मात्र त्या दिवाळीनंतर पेटून उठलो होतो. पुढच्या चाचणीत निम्मे प्रश्न पुस्तकाबाहेरचे घातले. निकाल लागला आणि दुसऱ्या दिवशी एक बाप दारात उभा. ऊसतोडीला जाणारा, उचल घेतलेली, बायको आणि बैलांसह कारखान्याकडे निघायची घाई. टोपी हातात घेऊन म्हणाला, "गुर्जी, आमच्या घरात पुस्तक म्हणून ते एकच हाय, शाळेचं. लेकरू रात्रीचं मोठ्यानं म्हणून म्हणून पाठ करतं, ते ऐकून आम्हाला बी दोन गोष्टी कळत्यात. तुम्ही पुस्तकाबाहेरचं इचारलं, तर ज्याच्या घरी शिकलेली माणसं हायेत त्याचंच पोर लिहिणार की. आमच्या पोरानं कुठून आणावं?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी म्हणालो, "मामा, चुकलंच माझं." खरोखरच चुकले होते. पाठांतर ही गरिबाची शिदोरी आहे. ती हिसकावून घेऊन त्याच्या पुढ्यात श्रीमंताचे ताट मांडणे, ही काही सुधारणा नव्हे.

पण त्या बापानेच मला वाटही दाखविली. प्रश्न पुस्तकाबाहेरचा असावा, पण पोराच्या जगाबाहेरचा असू नये. राक्षसभुवनची तारीख पुस्तकात आहे, ती पाठ कर. तिला दोन गुण. आणि 'निजाम मदतीला का आला नाही? आपल्या गोदावरीविषयी तुला जे ठाऊक आहे त्यावरून सांग', याला तीन गुण. येथे वकिलाच्या पोराला आणि नावाड्याच्या पोराला मैदान सारखे. नावाड्याच्या पोराला कांकणभर अधिकच. ऊसतोडीला जाऊन आलेल्या मुलीला कोयत्याचा, उचलीचा हिशेब गणितात विचारावा. ती चुकली तर तिला न्याय झाला असे मी समजेन. आणि बरोबर आली, तर तिला आणि मला दोघांनाही काही मिळाले असे समजेन.

हे करावयास आयोग लागत नाही. शाळेतल्या चाचण्या आमच्याच हाती असतात. बोर्डाचा पेपर मला बदलता येत नाही, पण सातवीचा येतो.

आज वर पैठणला धरण आहे. नाथसागर भरतो, दरवाजे उघडतात, तेव्हाच आमची गोदावरी तशी चढते. त्या पोराच्या आज्याने पाहिलेली नदी त्याने पाहिलेली नाही. तरी ती त्याच्या डोक्यात वाहते आहे, कारण कोणी तरी ती त्याला अर्थासकट सांगितली.

त्या पेपरावरचा एक गुण मी नंतर खोडला आणि तीन केले. हेडमास्तरांनी चष्म्यावरून पाहत विचारले, "उत्तरसूचीत कुठे आहे हे?"

मी म्हणालो, "सूचीत नाही, सर. नदीत आहे."

त्यांनी सही केली. पाच द्यायचे माझे धाडस झाले नाही. तारीख लिहिली असती तर दिले असते. पोरगा आता आठवीत आहे. यंदा आईबाप उसाला निघाले की तो आज्याजवळ मागे राहणार. परवा बाजारात भेटला. मी काही बोलण्याआधी म्हणाला, "गुरुजी, १० ऑगस्ट १७६३." आणि हसत पळून गेला.